सीटची उंची

रविकुमारनं दुबईला जाताना विकलेली गिअरची सायकल त्याच्या बापाला, इरप्पाला, बीदरच्या भंगारात सापडली. तो ती घेऊनच आला. लोखंडी सांगाडा तेवढा शाबूत होता. त्या मापाची चाकं हैदराबादहून आली, ब्रेक अन् गिअर मल्लेश मिस्त्रीनं दुसऱ्या सायकलींचे जुळवले. सीटची दांडी मात्र रविकुमारनं ठेवलेल्या उंचीवरच गंजून घट्ट बसली होती.

“कापून नवी बसवतो, अण्णा. तुमचे पाय पायडलला पुरायचे न्हाईत.”

“हात लावू नको तिला.”

“मग चालवनार कसं? शिडी लावून?”

“मला सायकल येतीय कुठं?” इरप्पानं सीटवर तळहात ठेवला. “फोनवर नुसता आवाज येतो रे. पोरगा केवढा हाय, ते हितं कळतंय.”