खळ्यावरचा भाऊ

चाकूरच्या सरजाबाईची ही ओवी चाळीस वर्षं सभासभांतून गाजली होती:

टोपीवर लाल तारा, भाऊ खळ्याशी जागतो
माझ्या गरिबाचा दाणा पोटच्यावानी राखतो

रशियातल्या क्रांतीनंतर नव्या सरकारनं देशातल्या बंदोबस्तासाठी जी फौज उभारली, तिची ही ओवी. गावातले लाल बावट्याचे कार्यकर्ते केरबादादा त्या फौजेवरचं पुस्तक वाचून दाखवायचे आणि सरजाबाई ऐकता ऐकता रचायची.

सून मनिषा नांदेडला इतिहासात एम.ए. करत होती. तिनं परवा अभ्यासाचं एक पान मोठ्यानं वाचलं. त्याच फौजेनं खेड्यांना वेढा घातला, बियाण्याचा दाणासुद्धा उचलून नेला आणि आडव्या आलेल्या शेतकऱ्यांना गोळ्या घातल्या.

सरजाबाई तडक केरबादादांच्या ओसरीवर गेली.

"दादा, तुमच्या पुस्तकात हे न्हवतं?"

"होतं, सरजा."

"मंग?"

"तेवढी पानं सोडून वाचली. ते ऐकून तुझा गळा दाटला असता, बाई. अन् तू गायली की लई माणूस गोळा व्हायचं."

"म्हंजे दाणं लुटणाऱ्याला मी चाळीस वर्सं भाऊ म्हणत आले!"

सरजाबाईच्या डोळ्यांपुढं तरणे केरबादादा आले. मला अक्षरं शिकवा म्हणून ती हट्ट धरून बसली होती, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून ते किती मायेनं म्हणाले होते, "कशाला डोळे फोडतीस? मी हाय की वाचून दाखवायला."