बाबांनी उघडलेली मेल

"कोणीही काहीही पाठवलं की उघडायचं का हो, बाबा?" लेक वैतागली. एका हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर ती सांभाळायची, आणि आज सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या कॉम्प्युटरपुढे बसली होती. मेलमधल्या फाइलीतून आत शिरलेला व्हायरस त्यांचे पासवर्ड टिपून बाहेर पाठवत होता. तिने इंटरनेटची वायर उपटली, कॉम्प्युटर फॉरमॅट केला, आपल्या फोनवरून त्यांचे सगळे पासवर्ड बदलले. तोंडाचा पट्टा चालूच होता. वडील नुसते चष्मा पुसत राहिले.

"आता सांगा, कोणत्या उपटसुंभाची मेल होती ती?"

"जाऊ दे ना, बाळा."

"सांगा म्हणते ना!"

"तुझीच गं. आज सकाळी आली. 'फोटो पाठवतेय, नक्की बघा.' वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी पाठवलंस. न उघडून कसं चालेल?"

तिने तर कुणालाच काही पाठवलं नव्हतं. घाईघाईने तिने फोनवर स्वतःची मेल उघडली. हॉस्पिटलच्या एकेका वॉर्डातून उत्तरं येऊन पडली होती: "मॅडम, फाइल तीनदा उघडली, फोटो काही दिसत नाही. पुन्हा पाठवता का?"