जमादाराची चाल

दापोलीच्या छावणीतून पेन्शनर जमादाराची तिरडी निघाली, वर त्याचा जुना लाल डगला. खांदेकरी चौघेही त्याच्याच पलटणीतले, म्हातारे पण ताठ. तरी दर दोन पावलांनी तिरडी डावीकडे कलत होती.

मागून चालणारी, सासरहून आलेली त्याची लेक भिवरा आधी घाबरली, मग तिला नवल वाटलं. कवायतीत जन्म गेलेली माणसं अशी का चालताहेत?

"बाबा पडतील, काका. दमलात तर दुसऱ्यांना द्या."

"दमलंय कोण?" पुढचा हवालदार म्हणाला. "तुझ्या बापाच्या पायात गोळी होती ना. लढाईत तो मागं पडला, तेव्हा थांबायचा हुकूम नव्हता. इथं राहायला आल्यावर मात्र रोज बाजारापर्यंत त्याच्या बरोबरीनं, त्याच्यासारखंच लंगडत चाललो. आता दुसरं चालणं येत नाही, पोरी."

बायकांनी वेशीवरून परतायचं होतं. तिथवर भिवराही तशीच चालली. चालायला ती बापाचंच बोट धरून शिकली होती.