वाकलेलं शेपूट

नागनाथ उटीच्या नव्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होता. रजेत गावी आला तेव्हा त्यानं मायला, सरजाबाईला, एका दीर्घिकेचं चित्र दाखवलं. तिचं धुरासारखं शेपूट वाकलेलं होतं.

"शेपूट वाकलेलं दिसलं की समजायचं माय, हिच्या भवती मोठा गोतावळा हाय. आपल्याला दिसंना का."

"आन सरळ आसलं तर?"

"तर बहुतेक एकटीच." त्यानं चित्र बाजूला ठेवलं. "तुला आसं सोडून पाय निघंना गं."

"जा येड्या. मला काय झालंय?"

सकाळी वारा पडला होता. पिंगळी स्टेशनाच्या वाटेवरून तो वळून घराकडं बघणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं अंगणात चूल पेटवली आणि तो नजरेआड होईपर्यंत सुपानं वारा घालून धूर वाकवत राहिली.