वाक्य संपायच्या आधी

वहिनीने एपिसोड थांबवला तेव्हा पडद्यावर मालिकेतल्या मामांचा हात पोटावर होता आणि तोंड अर्धं उघडं.

"इथेच," नणंद म्हणाली. "इथेच हसला दादा."

जुन्या विनोदी मालिकांची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर या मालिकेचं पान वहिनी सांभाळत असे. बिनपगारी आणि फुल अधिकारी. प्रत्येक भागाचं कथानक, कलाकार आणि शेवटी चुका: डावीकडची कुंडी पुढच्या दृश्यात उजवीकडे गेली, सुटलेलं बटण आपोआप लागलं, असल्या. आज सकाळी या भागाच्या चुकांत एक नवी भर पडली होती. 'भिंग' या नावाने लिहिणाऱ्या कुणा गृहस्थाने घातलेली. घड्याळाच्या प्रसंगात विनोद पुरा व्हायच्या आधीच हसण्याचा आवाज येतो. हशा नंतर चिकटवताना जागा चुकली असावी.

ते वाचून नणंदेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. भाऊ गेल्यावर त्याचा आवाज म्हणून जगात एवढंच काय ते उरलेलं, आणि तेही कुणी उचलून चुकांत टाकावं? आत्ताच्या आत्ता खोडून टाक, असं तिचं म्हणणं. त्या चित्रीकरणाला ती प्रेक्षकांत दादाच्या शेजारीच बसली होती. तो एकटाच हसला तेव्हा लाजेने तिने त्याला कोपर मारलं होतं. याहून मोठा पुरावा कुठला?

"तुझं कोपर पडद्यावर दिसतं का?" वहिनीने विचारलं.

पानाचा नियम तिनेच केलेला. पडद्यावर दिसेल आणि कानाला ऐकू येईल तेवढंच लिहायचं. गेल्याच आठवड्यात एका बाईने लिहिलं होतं, की मामांच्या घरातले पडदे तिच्या आईने शिवले. वहिनीने ते वाक्य काढलं, 'पुरावा नाही' असा शेरा मारला आणि त्या दिवशी आमटी खारट केली. आता दुसऱ्याच्या आईला एक न्याय आणि आपल्या नवऱ्याला दुसरा, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

दुसरा नियमही तिचाच. प्रसंग दोनदा बघायचा. एकदा काय आहे ते कळायला, एकदा खात्रीला. तिसऱ्यांदा बघायचा नाही. तिसऱ्यांदा बघितलं की नसलेलंही दिसायला लागतं.

"हे दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "तुझ्या दादाला सोड. मामांकडे बघ."

मामांच्या हातून मामींच्या गजराच्या घड्याळाची काच फुटली आहे. ते त्यांनी कोटाच्या आत, पोटाशी लपवलं आहे. मामी समोर येऊन उभ्या राहतात आणि नेमका तेव्हाच कोटातून गजर वाजतो. मामा शांतपणे पोटावर हात ठेवतात. "डॉक्टरांनी मला वेळेवर..." एवढं म्हणतात, तोच अंधारातून एकच माणूस हसतो. खाकरल्यासारखं सुरू होऊन वर चढत जाणारं हसू. मग मामा "...जेवायला सांगितलंय" म्हणतात आणि सगळे हसतात.

दादाला विनोद सांगण्यात अर्थच नसायचा, नणंद म्हणाली, आपण निघेपर्यंत हा पोचलेला. संसारात वहिनीही विनोद अर्ध्यावर सोडायला शिकली होती. अजून तसेच सोडायची, आणि आता समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबून राहायचा.

मग ती एकदम पुढे वाकली. "डोळे बघितलेस त्यांचे?"

हसू येतं तेव्हा मामांची नजर मामींवरून सुटते आणि पळभर बाजूला जाते, प्रेक्षक बसतात तिकडे. उघडलेले ओठ मिटतात. ते हसू ओसरू देतात आणि मगच वाक्य पुरं करतात.

"त्यांना ऐकू आलं," वहिनी म्हणाली. "नंतर चिकटवलेलं हसू नटाला कसं ऐकू येईल?"

तिने चुकांमधली ओळ काढली. भिंगाला दोन ओळींत कारण कळवलं. मग कथानकात, घड्याळाच्या प्रसंगाखाली लिहिलं: वाक्य संपायच्या आधी प्रेक्षकांतला एक माणूस हसतो. नट त्याच्यासाठी थांबतो.

नणंदेने ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "एक माणूस? नाव घाल की त्याचं."

"नाव ऐकू आलं का कुठे?"

"वहिनी, यम न्यायला आला तर त्याच्याकडेही ओळखपत्र मागशील तू."

"मागेन. ह्यांच्या वेळी राहिलं मागायचं."

चहाच ठेवते, म्हणत नणंद स्वयंपाकघरात गेली. आधण उकळायला लागलं, साखर पडली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गजर वाजला.

ती दारात आली. "वहिनी, हे तिसऱ्यांदा."

पडद्यावरची नजर न हलवता वहिनीने ओठांवर बोट ठेवलं.