पत्रिकेतलं नाव

लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायला दोघी छापखान्यात आल्या होत्या. एक जन्मदात्री, लेक रांगत असतानाच घर सोडून गेलेली. दुसरी, तिच्यामागे त्या घरात आलेली.

“अक्षरं सोनेरी घ्या,” जन्मदात्री म्हणाली.

“ताई, तिला चकचकाट आवडत नाही,” दुसरी हळूच म्हणाली. “आणि दादा, तिच्या नावात वेलांटी दुसरी. पहिली दिसली की चिडते.”

हिला बरं सगळं ठाऊक! जन्मदात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात छापखानेवाल्याने विचारलं, “आईचं नाव काय घालू?”

तिने झटकन स्वतःचं नाव सांगितलं आणि वर ठणकावलं, “दुसरं कुठलंही नाव येता कामा नये. जन्म मी दिलाय.”

“ताईंचंच घाला,” दुसरी म्हणाली आणि उगाच चष्मा पुसत बसली.

जन्मदात्रीचा जीव थंडावला. तिने तिथूनच लेकीला फोन लावून सगळा मजकूर वाचून दाखवला. स्वतःच्या नावाशी जरा जास्तच रेंगाळली.

“छान झालाय,” लेक म्हणाली. “आता जरा आईकडे फोन द्या ना.”