ओळीच्या सुरुवातीला हॅश

शौनक अंधेरीच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आज पार्ल्याच्या घरी बसूनच त्याने सेटिंगची फाईल उघडली होती, आणि त्याचे वडील नंदकिशोर हौसेने शेजारी डोकावत बसले होते.

"अरे, निम्म्या ओळींच्या सुरुवातीला हे हॅशचं चिन्ह (#) कशाला?"

"हॅश असला ना बाबा, की सर्व्हर ती ओळ वाचतच नाही. पुढे काहीही लिहिलेलं असो."

"मग खोडून टाक ना!"

"राहू दे की. तिचा कुणाला त्रास आहे?"

तेवढ्यात दारात भंगारवाला आला. आठवडाभर घरात घोकलेलं वाक्य नंदकिशोरांनी पुन्हा एकदा खणखणीत आवाजात ऐकवलं, "माझं स्पष्ट मत आहे की बाल्कनीतली माझी आरामखुर्ची जाणार नाही!"

शौनकने मान वर केली नाही. दाराशी उभी असलेली त्याची आई, उत्तरा, भंगारवाल्याला शांतपणे म्हणाली, "बाल्कनीत आरामखुर्ची आहे, तीही घेऊन जा हं."

नंदकिशोरांनी स्क्रीनवरच्या त्या हॅशकडे पाहिलं. मग त्यांनी घसा खाकरला, ओठांवर आलेलं 'माझं स्पष्ट मत' कसंबसं गिळलं आणि एवढंच म्हणाले,

"खुर्ची राहू दे."

उत्तराने चमकून मागे वळून पाहिलं.



"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"